एलडी-५० चा अहवाल मागवण्यापूर्वी

लोटे, कुरकुंभ, तारापूर किंवा महाडच्या औद्योगिक वसाहतीत इंटरमीडिएट, सॉल्व्हंट किंवा रेझिन बनवणाऱ्या छोट्या कारखान्याला युरोपातला ग्राहक मिळाला, की पहिल्या ऑर्डरच्या आधी एक मागणी येते : ‘अॅक्यूट ओरल टॉक्सिसिटी’चा अहवाल पाठवा. मग मालक किंवा क्यूसी प्रमुख दोन-तीन प्रयोगशाळांना फोन लावतो, सर्वांत स्वस्त कोटेशन निवडतो आणि नमुन्याची बाटली कुरिअर करतो. अहवाल आला की त्यातली एकच ओळ एसडीएसमध्ये, म्हणजे रसायनाच्या सुरक्षा माहितीपत्रकात, उतरवून मोकळा होतो.

या वाटेवर तीन ठिकाणी पाय घसरतो. कधी चाचणीची गरजच नसते आणि पैशांबरोबर जनावरांचे जीवही वाया जातात. गरज असते तेव्हा नमुना भलताच गेलेला असतो. आणि नमुना बरोबर असला, तरी निकालाचा अर्थ चुकीचा लावला जातो. चाचणी मागवणाऱ्याने, म्हणजे प्रयोगशाळेच्या भाषेत स्पॉन्सरने, या तिन्ही ठिकाणी काय पाहावे ते इथे क्रमाने देत आहे.

हा आकडा नेमके काय सांगतो

एलडी-५० म्हणजे एका मात्रेत दिल्यावर प्रयोगातल्या निम्म्या प्राण्यांना मारील असा, गणिताने काढलेला डोस. तो शरीराच्या दर किलो वजनामागे मिलिग्रॅममध्ये देतात. आकडा जितका लहान, तितके रसायन जहाल. ही कल्पना ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जे. डब्ल्यू. ट्रेव्हन यांनी १९२७ मध्ये मांडली. डिजिटॅलिससारख्या औषधांची ताकद त्या काळी बॅचगणिक बदलायची आणि ती मोजायला एक स्थिर माप हवे होते. पुढे तेच माप रंग, कीटकनाशके, सॉल्व्हंट अशा सगळ्याच रसायनांना लावले गेले. नेमका आकडा मिळवण्यासाठी एका रसायनामागे शंभरापर्यंत प्राणी वापरले जात.

आज नियामकाला इतका नेमका आकडा नको असतो. रसायन कोणत्या पट्ट्यात बसते, एवढे कळले तरी त्याचे काम भागते. संयुक्त राष्ट्रांच्या जीएचएस वर्गीकरणात तोंडावाटे होणाऱ्या तीव्र विषबाधेचे पट्टे असे आहेत : ५ मिग्रॅ/किलोपर्यंत पहिला वर्ग, ५० पर्यंत दुसरा, ३०० पर्यंत तिसरा, २००० पर्यंत चौथा आणि ५००० पर्यंत पाचवा. युरोपीय संघाने पाचवा वर्ग स्वीकारलेला नाही. पहिल्या तीन वर्गांच्या लेबलवर कवटी येते, चौथ्यावर उद्गारचिन्ह. एलडी-५० समजा ६५० आला काय किंवा ९०० आला काय, लेबल तेच राहते. ही गोष्ट पक्की लक्षात ठेवली, तर पुढचे बरेच निर्णय सोपे होतात.

चाचणी खरोखर हवी आहे का?

कोटेशन मागवण्याआधी पुढच्या गोष्टी तपासा.

पहिली गोष्ट, मागणी कोणाची आणि कोणत्या कायद्याखाली आहे? युरोपच्या ‘रीच’ कायद्यात वर्षाला एक टन किंवा त्याहून जास्त माल गेला, की नोंदणीसाठी तीव्र मौखिक विषाक्ततेची माहिती द्यावी लागते. दहा टनांपासून त्वचेवाटे किंवा श्वासावाटे, अशा आणखी एका मार्गाची माहिती लागू शकते. मात्र युरोपाबाहेरच्या उत्पादकाला स्वतः नोंदणी करता येत नाही. ती तिथला आयातदार करतो किंवा तुम्ही नेमलेला ‘ओन्ली रिप्रेझेंटेटिव्ह’ करतो. त्यामुळे आधी त्याच्याशी बोला. ग्राहकाला अनेकदा फक्त नीट भरलेला एसडीएस हवा असतो आणि खरेदी विभागाने साचेबद्ध ईमेलमध्ये ‘अहवाल’ असे लिहिलेले असते.

दुसरी गोष्ट, ही माहिती आधीच कोणाकडे आहे का? रीचमध्ये एका पदार्थाची नोंदणी सर्व उत्पादकांनी मिळून करायची असते आणि पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांवरची चाचणी पुन्हा करण्याऐवजी असलेली माहिती वाटून घेणे बंधनकारक असते. युरोपीय रसायन संस्थेच्या संकेतस्थळावर कॅस क्रमांक टाकून शोध घेतलात, तर जुन्या अभ्यासांचे सारांश सापडू शकतात. माहिती वापरण्याच्या हक्कासाठी पैसे मोजावे लागतात हे खरे. पण तो अभ्यास आधीच झालेला असतो.

तिसरी गोष्ट, रसायन दाहक आहे का? त्वचा जाळणारे तीव्र आम्ल किंवा अल्कली प्राण्याच्या पोटात घालून वेगळे काही कळत नाही, नुसत्या वेदना होतात. अशा पदार्थाला रीचमध्ये ही चाचणी माफ आहे. पीएच २ किंवा त्याखाली अथवा ११.५ किंवा त्यावर असेल, तर आधी दाहकतेचा प्रश्न निकाली काढा. त्यासाठी प्राणी न वापरणाऱ्या चाचण्या आहेत.

चौथी गोष्ट, तुमचा माल एक पदार्थ आहे की मिश्रण? घटकांची विषाक्तता ठाऊक असेल तर मिश्रणासाठी प्राणी नव्हे, कॅल्क्युलेटर लागतो. प्रत्येक घटकाचे टक्के त्याच्या एलडी-५० ने भागा, सगळ्या भागाकारांची बेरीज करा आणि १०० ला त्या बेरजेने भागा. उदाहरणार्थ, एका क्लीनरमध्ये २०० मिग्रॅ/किलो एलडी-५० असलेला घटक २० टक्के आहे आणि बाकीचे पाणी. २० भागिले २०० म्हणजे ०.१, आणि १०० भागिले ०.१ म्हणजे १०००. मिश्रण चौथ्या वर्गात बसले. घटकाचा फक्त वर्ग ठाऊक असेल तरी जीएचएसने त्यासाठी धरायचे आकडे दिले आहेत : तिसऱ्या वर्गाला १००, चौथ्याला ५००.

पाचवी गोष्ट, प्राण्यांशिवाय अंदाज बांधता येतो का? रेणूच्या रचनेवरून विषाक्तता वर्तवणारी ‘क्यूएसएआर’ प्रारूपे आता विनामूल्य मिळतात. ओईसीडीचा क्यूएसएआर टूलबॉक्स आणि अनेक देशांतल्या गटांनी मिळून बांधलेले ‘कॅटमॉस’ ही त्यांतली दोन. ३टी३ पेशींवरची न्यूट्रल रेड चाचणीही आहे. २००० च्या वर जाणारे, म्हणजे युरोपात वर्गीकरणाची गरज नसलेले पदार्थ ओळखायला तिचा आधार घेता येतो. एकट्या अंदाजावर नियामक समाधानी होईलच असे नाही. पण सारख्या रचनेच्या पदार्थांची माहिती, प्रारूप आणि पेशींची चाचणी एकाच दिशेने बोट दाखवत असतील, तर त्यांची एकत्रित मांडणी करता येते. तेवढ्याने नाही भागले, तरी प्राण्यांच्या चाचणीत पहिला डोस कोणता धरायचा हे यातूनच ठरते.

रसायन फक्त सौंदर्यप्रसाधनांसाठी असेल, तर भारतापुरता प्रश्न मिटलेला आहे. प्रसाधनांसाठी प्राण्यांवर चाचणी करायला आपल्याकडे २०१४ पासून बंदी आहे.

प्रयोगशाळा निवडताना

एवढे करूनही चाचणी लागणार असेल, तर प्रयोगशाळेला तिच्या दराआधी तिची कागदपत्रे विचारा.

जीएलपी, म्हणजे ‘गुड लॅबोरेटरी प्रॅक्टिस’चे प्रमाणपत्र केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाखालचे राष्ट्रीय प्राधिकरण देते. भारत २०११ पासून ओईसीडीच्या परस्पर-मान्यतेच्या व्यवस्थेत पूर्ण सहभागी आहे, त्यामुळे इथल्या प्रमाणित प्रयोगशाळेत ओईसीडीच्या पद्धतीने झालेला अभ्यास युरोप, अमेरिका, जपानमध्ये स्वीकारला जातो. नुसते ‘आम्ही जीएलपी’ हे वाक्य पुरेसे नाही. प्रमाणपत्राची मुदत पाहा आणि त्याच्या व्याप्तीत ‘विषाक्तता अभ्यास’ व ‘औद्योगिक रसायने’ या दोन्ही गोष्टी आहेत का ते पाहा.

दुसरा कागद प्राण्यांविषयीचा. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली नेमलेली समिती अशा प्रयोगांवर देखरेख ठेवते. पूर्वी तिला सीपीसीएसईए म्हणत, आता सीसीएसईए म्हणतात. प्रयोगशाळेचे प्राणिगृह तिच्याकडे नोंदलेले हवे आणि तुमच्या अभ्यासाला तिथल्या प्राणी नीतिसमितीची मंजुरी हवी. ही समिती हमखास विचारते : पर्याय शोधलात का? आधीची माहिती पाहिलीत का? वरच्या पाच मुद्द्यांची टिपणे तुमच्याकडे असली, तर उत्तर तयारच आहे.

कोटेशनवर ‘ओईसीडी ४०१’ दिसले, तर ते बाजूला ठेवा. १९८१ ची ती जुनी पद्धत ओईसीडीने २००२ च्या अखेरीस रद्द केली आहे.

४२०, ४२३ की ४२५?

रद्द झालेल्या पद्धतीच्या जागी तीन पद्धती आहेत आणि निवड करताना तुमचे मत विचारले जाते.

४२०, म्हणजे ठरावीक मात्रेची पद्धत. ५, ५०, ३०० आणि २००० यांपैकीच डोस द्यायचे. इथे मृत्यूची वाट पाहत नाहीत. याच्या वरचा डोस प्राणघातक ठरेल असे स्पष्ट दाखवणारी विषबाधेची लक्षणे दिसली की वर्ग ठरतो. प्राण्यांच्या दृष्टीने ही सर्वांत सौम्य पद्धत, मात्र लक्षणे ओळखणारी नजर अनुभवी हवी.

४२३, म्हणजे विषाक्तता वर्गाची पद्धत. डोस तेच, पण एका पायरीला तीन प्राणी. आधीची माहिती नसेल तर ३०० पासून सुरुवात करतात. तिघांपैकी दोन किंवा तीन दगावले तर खालच्या डोसकडे वळायचे. एक किंवा एकही नाही, तर त्याच डोसवर आणखी तिघे घेऊन खात्री करायची. साधारण दोन ते चार पायऱ्यांत निकाल लागतो.

४२५, म्हणजे वर-खाली पद्धत. एका वेळी एकच प्राणी. तो वाचला तर पुढच्याला साधारण ३.२ पट जास्त डोस, दगावला तर तितक्याच पटीने कमी. माहिती नसेल तर सुरुवात १७५ पासून. शेवटी एलडी-५० चा आकडा आणि त्याची विश्वासमर्यादा मिळते. उशिरा मारणाऱ्या रसायनांना ही पद्धत गैरसोयीची, कारण पुढच्या प्राण्यासाठी फार थांबावे लागते.

फक्त वर्ग हवा असेल तर ४२० किंवा ४२३ घ्या. आकडाच लागणार असेल, आणि तो का लागणार हे तुम्हाला सांगता येत असेल, तर ४२५. रसायन कमी विषारी असल्याचा भक्कम अंदाज असेल, तर सरळ २००० वर मर्यादा चाचणी करता येते. पाच-सहा प्राण्यांत ती संपते.

बाटली पाठवण्याआधी

प्रयोगशाळा तपासते ते बाटलीतले रसायन. तुमच्या ब्रोशरमधले नव्हे. आरअँडडी विभागाने काचेच्या फ्लास्कमध्ये शुद्ध केलेला ९९.९ टक्क्यांचा नमुना पाठवलात आणि ड्रममधून विकता ९६ टक्क्यांचा माल, तर उरलेल्या चार टक्क्यांत काय आहे याविषयी अहवाल गप्पच राहील. अशुद्धीच कधी कधी मूळ पदार्थापेक्षा जहाल असतात. म्हणून बाजारात जाणाऱ्या नेहमीच्या बॅचमधलाच नमुना द्या.

सोबत बॅच क्रमांक, शुद्धता आणि मुख्य अशुद्धी दाखवणारे विश्लेषण प्रमाणपत्र, उत्पादनाची व मुदत संपण्याची तारीख, साठवणीच्या अटी आणि आतापर्यंत जमलेल्या माहितीवरचा एसडीएस द्या. रसायन पाण्यात विरघळते का, पाण्याशी त्याची विक्रिया होते का, पीएच किती, हे लिहून द्या. डोस देण्यासाठी माध्यम म्हणून पहिली पसंती पाण्याला. ते जमले नाही तर मक्याचे तेल, आणि नंतर इतर. पाण्यात विघटन होणारा पदार्थ पाण्यात कालवून दिला, तर चाचणी दुसऱ्याच पदार्थाची होऊन बसते. त्याच बॅचचा थोडा नमुना सीलबंद करून स्वतःकडेही ठेवा.

चौदा दिवसांत काय घडते

अहवाल समजायचा तर प्राणिगृहात काय होते ते माहीत हवे. सहसा आठ ते बारा आठवडे वयाच्या, न व्यालेल्या आणि गाभण नसलेल्या रॅट माद्या घेतात. नर-मादीत फरक दिसलाच, तर बहुधा माद्या थोड्या जास्त संवेदनशील ठरतात, म्हणून. निदान पाच दिवस त्यांना पिंजऱ्याची सवय होऊ देतात. खोलीचे तापमान २२ अंशांच्या आसपास, बारा तास उजेड आणि बारा तास अंधार. डोसच्या आदल्या रात्री खाणे काढून घेतात, पाणी नाही. सकाळी वजन करून नळीने एकदाच रसायन पोटात सोडतात. डोसनंतर आणखी तीन-चार तास खाणे देत नाहीत.

पहिल्या अर्ध्या तासात निदान एकदा, पहिल्या चार तासांत विशेष बारकाईने आणि मग रोज, असे एकूण चौदा दिवस निरीक्षण चालते. कापरे, झटके, लाळ, जुलाब, सुस्ती, बेशुद्धी, सगळ्याची वेळेसकट नोंद होते. वजन निदान आठवड्यातून एकदा. एखादी मादी असह्य वेदनेत किंवा मरणासन्न दिसली, तर तिला तसेच ठेवत नाहीत. वेदनारहित मरण देतात आणि निकालात तो चाचणीतला मृत्यू म्हणूनच धरतात. शेवटी सर्वांचे शवविच्छेदन होते.

अहवाल वाचताना

सारांशातल्या ओळीवर थांबू नका. मृत्यू कधी झाले ते पाहा : तासाभरात की पाचव्या दिवशी? उशिराचे मृत्यू सांगतात की कामगाराला अपघातानंतर बरे वाटले म्हणून घरी पाठवणे धोक्याचे आहे. वाचलेल्या माद्यांचे वजन पुन्हा चढले का? शवविच्छेदनात यकृत, मूत्रपिंड किंवा जठरावर काही दिसले का? झटके कोणत्या डोसला आले? डॉक्टरला उपयोगी पडते ती ही माहिती आणि ती एसडीएसच्या अकराव्या विभागात गेली पाहिजे.

‘२००० पेक्षा जास्त’ याचा अर्थ ‘बिनविषारी’ नव्हे. रॅटला एकाच वेळी तोंडावाटे दिल्यावर या डोसपर्यंत बहुसंख्य प्राणी वाचले, एवढाच त्याचा अर्थ. रोज थोडे थोडे शरीरात गेले तर काय, कर्करोग, गर्भावरचा परिणाम, अॅलर्जी, यातल्या कशाचेच उत्तर या चाचणीत नाही. त्वचा आणि श्वास यांचेही नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले. फवारणाऱ्याच्या शरीरात विष जाते ते मुख्यतः कातडीतून आणि नाकातोंडातल्या तुषारांतून.

आणि रॅट म्हणजे माणूस नव्हे. मेथॅनॉलचा रॅटमधला मौखिक एलडी-५० साडेपाच हजारांच्या पुढे दिला जातो. नुसत्या त्या आकड्यावर गेलो तर युरोपच्या नियमांनी त्याला कवटीच काय, उद्गारचिन्हही लागणार नाही. पण मेथॅनॉलपासून शरीरात तयार होणारे फॉर्मिक आम्ल रॅटचे यकृत झपाट्याने निकालात काढते. माणसाचे तितक्या वेगाने काढू शकत नाही. ते रक्तात साचते आणि दृष्टी जाते, जीव जातो. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला मेथॅनॉल मिसळलेल्या दारूने शंभरहून अधिक माणसे गेली. म्हणूनच माणसांवरच्या पुराव्याच्या आधारे मेथॅनॉलला तिसऱ्या वर्गात, कवटीसकट, ठेवलेले आहे.

डायइथिलीन ग्लायकॉलचे तसेच. रॅटमधला आकडा बारा हजारांच्या पुढे. पण १९८६ मध्ये जे. जे. रुग्णालयात हे रसायन मिसळलेले ग्लिसरॉल दिले गेले आणि चौदा रुग्ण मूत्रपिंडे निकामी होऊन दगावले. त्याच्या चौकशीसाठीच लेंटिन आयोग नेमला गेला होता. तेव्हा माणसांतल्या विषबाधेची विश्वासार्ह माहिती उपलब्ध असेल, तर रॅटचा आकडा कितीही मोठा असला तरी वर्ग माणसाच्या माहितीवरून ठरवा.

आणखी एक गल्लत टाळा. कीटकनाशकाच्या डब्यावरचे रंगीत त्रिकोण भारतीय नियमांतल्या वेगळ्या पट्ट्यांवर ठरतात : ५० पर्यंत लाल, ५०० पर्यंत पिवळा, ५००० पर्यंत निळा, त्यापुढे हिरवा. ४०० चा पदार्थ तिथे पिवळा, तर जीएचएसमध्ये चौथ्या वर्गातला. एका पद्धतीचा वर्ग दुसऱ्या पद्धतीच्या लेबलवर उतरवू नका.

कारखान्यात परत

अहवालाचा खरा वापर कारखान्याच्या आवारात व्हायचा आहे. ‘आमचा माणूस रसायन पिणार थोडाच?’ असे मालक म्हणतात. तो पीत नाही. पण ग्लोव्हज न घालता पिशवी फोडतो आणि त्याच हातांनी तंबाखू मळतो. ड्रमशेजारी डबा उघडतो. सॉल्व्हंट थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवतो आणि दुसऱ्या पाळीतला माणूस ती तोंडाला लावतो. लॅबमध्ये कोणी अजून तोंडाने पिपेट ओढतो.

म्हणून वर्ग हाती आल्यावर पुढची कामे त्याच आठवड्यात करा. एसडीएसचा दुसरा, चौथा आणि अकरावा विभाग सुधारा. मालाचे लेबल बदला. प्लँटमधल्या मराठी-हिंदी फलकावर ‘गिळल्यास प्राणघातक’, ‘विषारी’ किंवा ‘हानिकारक’ यांपैकी वर्गाला लागू असेल तेच लिहा. खाण्या-पिण्याची आणि तंबाखूची जागा हात धुण्याच्या नळापलीकडे न्या. पोटात गेल्यास उलटी करवायची की नाही, हे प्रथमोपचार करणाऱ्याला आधीच ठाऊक हवे. दाहक पदार्थ किंवा सॉल्व्हंट असेल तर ती करवायची नसते. वसाहतीजवळच्या रुग्णालयाला एसडीएसची प्रत आगाऊ द्या.

अहवाल, विश्लेषण प्रमाणपत्र, नीतिसमितीच्या मंजुरीचा संदर्भ आणि चाचणी का लागली याची टिपणे एका फायलीत ठेवा. पुढे कच्चा माल बदलला, उत्प्रेरक बदलला किंवा शुद्धीकरणाची पायरी गाळली, तर ही फाइल काढून नव्या बॅचच्या अशुद्धी जुन्या प्रमाणपत्राशी ताडून पाहा. चित्र तेच असेल तर जुना अहवाल चालतो. वेगळे दिसले, तर पुन्हा पहिल्या पाच मुद्द्यांपासून सुरुवात करा. प्रयोगशाळेचा फोन नंबर त्यानंतर शोधा.